घोडनदी ते केडगाव : गुळाच्या वाटेवर

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके एकमेकांना लागून असले तरी त्यांचा संसार निराळा आहे. मध्ये भीमा वाहते. उत्तरेकडील शिरूरला जुनी मंडळी आजही घोडनदीच म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची छावणी पडली, तिच्यामागोमाग पेठ वसली आणि पुणे-नगर रस्त्याने तिला वाढवले. दौंड वाढले ते रेल्वेमुळे. पुण्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग येथून पुढे गेला आणि १८७८ मध्ये मनमाडकडील फाटा सुरू झाल्यावर हे गाव जंक्शन झाले. आपल्या समाजातील कितीतरी घराण्यांच्या जुन्या वह्यांवर या दोन गावांची नावे सापडतील. मारवाडातून आलेल्या पूर्वजांनी येथे पेढ्या मांडल्या. धान्य, कापड, किराणा आणि गूळ यांच्या व्यापारावर पुढील पिढ्या उभ्या राहिल्या.

बँकेच्या नोकरीत मी या दोन्ही तालुक्यांत मिळून अकरा वर्षे काढली. तेव्हा शिरूरहून न्हावरे, पारगावमार्गे केडगावला जाणारा रस्ता मी असंख्य वेळा तुडवला. पण तो कर्जवसुलीच्या निमित्ताने, आणि वसुलीला निघालेल्या माणसाला रस्त्याच्या कडेचे फारसे काही दिसत नाही. निवृत्तीनंतर, गेल्या जानेवारीत, त्याच रस्त्याने पुन्हा गेलो तो केवळ गुऱ्हाळे पाहण्यासाठी. त्याचे कारण मात्र जपानमध्ये होते.

मुलगा नोकरीनिमित्त ओसाकाला असतो. आदल्या वर्षी हिवाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे दीड महिना राहिलो. ओसाकाहून बसने, समुद्रावरचा प्रचंड झुलता पूल ओलांडून, शिकोकू बेटावरील तोकुशिमा या जिल्ह्यात जाता येते. तेथे आणि शेजारच्या कागावा जिल्ह्यात ‘वासानबोन’ नावाची साखर तयार होते. अठराव्या शतकात जपानला साखरेसाठी परदेशी जहाजांवर अवलंबून राहावे लागे. योशिमुने या शोगुनने देशात ऊस लावण्यास उत्तेजन दिले आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत या भागातील कारागिरांनी स्वतःची साखर सिद्ध केली. तेथील ऊस आपल्या उसाच्या तुलनेत अगदीच किरकोळ, बोटाएवढ्या जाडीचा. त्याचा रस काढून, निवळून, आटवून प्रथम तपकिरी रव्याचा घट्ट पाक करतात. आपल्याकडे गुळाचे काम जेथे संपते, तेथे त्यांचे काम खऱ्या अर्थाने सुरू होते. तो ऐवज कापडात बांधून दगडांच्या वजनाने भारलेल्या लाकडी तुळईखाली दाबतात आणि त्यातील काकवी हळूहळू निथळू देतात. मग ती साखर लाकडी पाटावर घेऊन, थोडे थोडे पाणी शिंपडत, कणीक मळावी तशी हातांनी मळतात. पुन्हा कापडात बांधून पुन्हा दाबाखाली ठेवतात. असे अनेकदा करतात. पाटावर तीनदा मळायची म्हणून नावात ‘सान’ म्हणजे तीन हा शब्द आला, असे तेथे सांगतात. कित्येक दिवसांनी फिकट हस्तिदंती रंगाची, पिठासारखी मऊ साखर हाती येते. चेरीच्या लाकडात कोरलेल्या साच्यांत ती दाबून चहाच्या समारंभासाठी फुला-पानांच्या आकाराची मिठाई करतात. आपल्याकडील पाडव्याच्या गाठींचे साचे मला आठवले.

साधी पांढरी साखर तेथेही स्वस्त आहे. वासानबोनला तिच्या कितीतरी पट भाव मिळतो आणि लोक तो देतात. डबीवर जिल्ह्याचे नाव असते, बनवणाऱ्या घराचे नाव असते. ती डबी हातात घेऊन मी मनातल्या मनात हिशेब करू लागलो. बँकेतील माणसाला ही खोड असतेच. आमच्या केडगावच्या काहिलीवर उभा राहणारा गुळवे या कारागिरापेक्षा कोणत्या बाबतीत कमी आहे? आणि कमी नसेल, तर त्याचे नाव गुळाच्या ढेपेपासून पेढीपर्यंतच्या प्रवासात नेमके कोठे गळून पडते?

शिरूर सोडून न्हावऱ्याकडे निघाले की वाटेत करडे लागते, त्यानंतर घाट. या गावाचा इतिहास आपल्या घरांतून क्वचितच सांगितला जातो. १८७४ च्या अखेरीस येथील कुणब्यांनी मारवाडी सावकारांवर बहिष्कार घातला आणि पुढील वर्षी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात दख्खनचे दंगे पेटले. ते शिरूर आणि भीमथडी तालुक्यांत व नगर जिल्ह्यात पसरले. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. कागद हाती आले की जाळायचे आणि पुढे जायचे. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला. त्या प्रकरणात दोष कोणाचा किती, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यात येथे शिरत नाही. या रस्त्यावर माल पिकवणारा वा बनवणारा आणि भांडवल पुरवणारा यांचे नाते फार जुने आहे आणि ते नेहमीच गोड नव्हते, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

न्हावऱ्यापर्यंत शिरूर तालुक्याचा कोरडेपणा अधूनमधून जाणवतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या कामगारांच्या बसगाड्या वाटेत भेटतात. पारगावजवळ भीमेचा पूल ओलांडला की एकदम उसाचे रान सुरू होते. मुळा-मुठा याच परिसरात भीमेला मिळते. खडकवासल्याचा कालवा आणि दोन नद्या यांनी दौंड तालुक्याचा हा पश्चिम पट्टा हिरवा केला आहे. अर्थात पुणे शहराचे सांडपाणीही याच नदीतून येते, आणि वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिलेल्या काळ्या जमिनी खाऱ्या होत चालल्या आहेत. याचा गुळाशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

पुलापासून केडगावपर्यंत दोन्ही बाजूंना गुऱ्हाळांची धुराडी दिसतात. पहाटे दोन-तीनच्या सुमारास चरक सुरू होतो. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि दुसरे आधण काहिलीत चढले होते. आधण म्हणजे एका वेळी कढवायचा रस. लोखंडी काहील आठ-नऊ फूट व्यासाची. खाली जमिनीत खोल चुलवाण. त्यात वाळलेल्या चिपाडांचा जाळ सतत सारत बसलेला माणूस म्हणजे चुलव्या. आणि वर, काहिलीच्या काठावर, लांब दांड्याचे फावडे घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे गुळवे.

येथील गुळवे साठी ओलांडलेले, मूळचे कराडकडचे. तीस वर्षांपूर्वी हंगामापुरते आले आणि येथेच राहिले. त्यांचे काम मी सलग तीन आधणे पाहिले. उसाचा ताजा रस आम्लधर्मी असतो. त्यात चुन्याची निवळी घालून तो आम्लपणा बेताने कमी करायचा. चुना कमी पडला तर गूळ पाघळतो, अधिक झाला तर काळवंडतो. रस कोमट होताच रानभेंडीची खोडे ठेचून भिजवलेले बुळबुळीत पाणी त्यात सोडतात. तापल्यावर ते साकळते आणि रसातील माती, मेण, तंतू यांना धरून वर येते. हीच मळी. ती झाऱ्याने काढण्याची घटका फार थोडी असते. रसाला जोराची उकळी फुटली की मळी पुन्हा आत मिसळते आणि मग ती कोणालाही काढता येत नाही. म्हणून त्या वेळी गुळवे वरून नुसता हात हलवतात आणि खालचा चुलव्या जाळ आवरतो. दोघांत एक शब्दही बोलला जात नाही.

मळी निघाली की जाळ मोकळा सोडतात. फेस काठावर येऊ लागला की शेंगदाण्याच्या तेलाचे थोडे थेंब टाकतात आणि तो बसतो. रस आटत जातो तसे बुडबुड्यांचे रूप बदलते. आधी बारीक, दाट. मग मोठे, जड, फुटताना आवाज करणारे. साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पाक तयार होतो. पण ते माप प्रयोगशाळेचे. गुळवे थंड पाण्याच्या भांड्यात पाकाचा थेंब टाकतात, बोटांनी त्याची गोळी करतात आणि ती पत्र्यावर आपटतात. टणक आवाज आला की काहील उतरायची. एका मिनिटाचा उशीर झाला तर पाक जळकट होतो, आणि मिनिटभर घाई झाली तर ढेप पावसाळ्यात पाणी सोडते.

“बाबा, एका आधणाला किती वेळ धरायचा?” मी विचारले.

“अडीच तास म्हणा. पण ते उसावर आहे, साहेब. खाऱ्या रानाचा ऊस असला की फेस जास्त येतो आणि गोळी लवकर धरत नाही. युरिया जास्त पडलेला असला तर गूळ मऊच राहतो. तोडून दोन दिवस पडलेला ऊस आणला तर मग आमच्या हातात काही राहत नाही.”

जिभेवर ठेवलेल्या रसाच्या थेंबावरून ते ऊस कोणत्या बाजूच्या रानातला, हे सांगत होते. गुऱ्हाळमालकाने त्याची खात्री दिली. एक टन उसातून साधारण शंभर ते एकशेवीस किलो गूळ उतरतो. त्या दोन आकड्यांतील फरक बराचसा ऊस आणि चरक ठरवतात. पण हाती आलेला गूळ टिकेल की नाही, हे काहिलीवर उभा असलेला माणूस ठरवतो.

बँकेत असताना गुऱ्हाळांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून पुष्कळ गेली. अर्जात चरकाचा अश्वशक्तीसह तपशील असे. शेड, जमीन, विहीर, काहिलींची संख्या, तारण, जामीनदार, सर्व काही असे. गुळवे कोण, त्याचा अनुभव किती वर्षांचा, याला रकाना नव्हता. कारागिराचा हात तारण ठेवता येत नाही, हे बँकेचे म्हणणे मला समजते. पण सरकारी योजनांचाही रोख तोच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पाच टक्के व्याजाने, दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज मिळते. योजना चांगली आहे. तिच्यात सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी, नाभिक असे अठरा व्यवसाय आहेत. त्या अठरांत गुळवे नाही. (पुण्याच्या तांबट आळीला ज्यांनी नाव दिले ते तांबटही नाहीत.) गुळवे हा सरकारच्या लेखी कारागीर नसून मजूर आहे.

जपानने ही व्याख्या कायद्याने केली, म्हणून तिकडे थोडे वळतो. १९६० च्या दशकात तेथील खेड्यांतील तरुण कारखान्यांकडे गेले. रांजणगावकडे जाणाऱ्या बसगाड्या पाहून मला त्याचीच आठवण झाली. प्लास्टिक आले, लाखेची भांडी आणि हातकागद मागे पडले. तेव्हा १९७४ मध्ये पारंपरिक हस्तोद्योगांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या अटी मला एखाद्या चांगल्या कर्जप्रस्तावासारख्या नेमक्या वाटल्या. वस्तू रोजच्या वापरातील हवी. तिचा मुख्य भाग हाताने घडलेला हवा. तंत्र आणि कच्चा माल शंभर वर्षे वा अधिक काळ चालत आलेला हवा. आणि ती एका विशिष्ट प्रदेशात, पुरेशा संख्येने कारागीर मिळून करत असावेत. एकट्यादुकट्या कलावंताचा नव्हे, तर गावाचा हा कायदा आहे. आज २४० पेक्षा अधिक हस्तोद्योग त्या यादीत आहेत. त्यातील कारागिराला बारा वर्षांच्या अनुभवानंतर परीक्षा देऊन अधिकृत पदवी मिळवता येते. खाद्यपदार्थ या कायद्यात येत नाहीत, त्यामुळे वासानबोन त्या यादीत नाही. पण कारागिराकडे पाहण्याची जी दृष्टी देशात रुजली, तिचा लाभ तिलाही मिळतो.

ओसाकाजवळच्या साकाई शहरात स्वयंपाकाच्या सुऱ्या घडवण्याचा उद्योग मी पाहिला. (अहिंसक घरातील माणसाने सुऱ्या पाहाव्यात का, असे सौभाग्यवतींनी विचारले; भाजी कापायच्या पाहतो, असे सांगून वेळ मारून नेली.) तेथे पाते घडवणारा एक, धार लावणारा दुसरा, मूठ बसवणारा तिसरा. तिघांचीही घरे वेगळी. त्यांना एकत्र आणतो तो घाऊक व्यापारी. मागणी तो आणतो, माल एका घरातून दुसऱ्या घरात तो नेतो, तपासतो आणि विकतो. पात्यावर परंपरेने नाव कोरले जाते तेही बहुधा या व्यापाऱ्याचेच. म्हणजे तेथेही कारागिराचे नाव व्यापाऱ्याच्या नावाखाली झाकले जात होतेच. मात्र आपले नाव कोरल्यामुळे मालाची जबाबदारी व्यापाऱ्यावर येते, आणि ती आली की चांगला कारागीर सांभाळणे ही त्याचीच गरज होते.

सर्व आलबेल तेथेही नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या पारंपरिक उद्योगांत सुमारे २ लाख ९० हजार माणसे होती. २०१६ च्या सुमारास ती साठ-बासष्ट हजारांवर आली. कायद्याने घसरण थांबली नाही. पण काय घसरत आहे, किती घसरत आहे, हे त्यांना मोजता येते. आपल्या गुळव्यांची मोजणी कोणी केलेली नाही.

दौंडमध्ये गुळव्यांची जागा रिकामी राहिली असे नव्हे. आता पुष्कळ गुऱ्हाळे उत्तर प्रदेशातून आलेल्या टोळ्या चालवतात. एका काहिलीऐवजी तीन-चार काहिलींची ओळ लावतात, जळण वाचते, आधण लवकर निघते. ती माणसे कष्टाळू आहेत आणि त्यांच्यातही जाणकार आहेत. परप्रांतीयांमुळे गूळ बिघडला, ही येथे सहज ऐकू येणारी तक्रार मला पटत नाही. गूळ बिघडला तो भावाच्या पद्धतीमुळे, आणि ती पद्धत पेढ्यांवर ठरते.

पुण्याच्या भुसार बाजाराचे दर वाचणाऱ्यांना ‘एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, एक्स्ट्रा’ या प्रती परिचित आहेत. प्रत ठरते ती मुख्यतः रंगावरून. पिवळाधमक तो वरचा, तांबूस तो खालचा. वास्तविक गुळाचा रंग उसाची जात, जमीन, वय, चुना आणि जाळ या साऱ्यांवर अवलंबून असतो. खाऱ्या रानातल्या उसाचा उत्तम कढवलेला गूळही पिवळा होत नाही. मग गुऱ्हाळमालक काय करतो? काहिलीत मूठभर ‘पावडर’ टाकतो. ही पावडर म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, बोलीतले ‘हायड्रोस’. तिने रंग क्षणात उजळतो. गंधकाचा अंश गुळात राहतो, आणि काही महिन्यांत रंग पुन्हा उतरतो; पण तोवर ढेप विकली गेलेली असते. दुसरा उपाय साखरेचा. गुळाच्या भावापेक्षा साखर स्वस्त झाली की काहिलीत साखर पडते. गूळ पिवळाही दिसतो, कडकही होतो आणि वजनही वाढते. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत गुळात एकूण साखर किमान ९० टक्के आणि सुक्रोज किमान ६० टक्के हवे, असे आहे. साखर मिसळली तर सुक्रोज वाढतेच, म्हणजे या किमान मर्यादेच्या कसोटीवर भेसळीचा गूळ सहज उत्तीर्ण होतो!

गुळव्यांना मी सरळच विचारले, “तुम्ही पावडर वापरता का?”

ते थोडा वेळ फावडे हलवत राहिले. “मालकाचा माल आहे, साहेब. मी भेंडीवर गूळ काढून दाखवतो, मला येतो. पण तो तांबूस निघतो. पेढीवर शेठ म्हणतात तीन नंबर. मग भेंडी ठेचायला चौथा माणूस कशाला ठेवायचा, असं मालक म्हणतो. त्याचं चूक आहे का?”

पुण्याहून नोकरी सोडून परतलेला त्यांचा मुलगा गुळव्याचे काम शिकलेला नाही. पावडरीने रंग येत असेल तर मळी काढण्याची घटका ओळखायला कोणी दहा वर्षे घालवत नाही. कारागिरी अशी जाते. यंत्र येऊन तिला बाहेर काढत नाही. तिच्यासाठी कोणी पैसे मोजेनासे होते.

गंमत अशी की वासानबोनही शुभ्रतेच्या मागे लागूनच जन्मली. जपानी ग्राहकालाही उजळ रंगच हवा होता. तो रंग त्यांनी पाटावर मळून, दाबून, पुन्हा मळून मिळवला आणि त्या श्रमाचे पैसे घेतले. आपण तोच रंग पुडीतून मिळवला आणि श्रमाचे पैसे वाचवले.

दुपारी केडगावात एका परिचितांच्या पेढीवर जेवणे झाली. हे केडगाव पंडिता रमाबाईंचे. दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रियांना त्यांनी येथील मुक्ती सदनात आसरा दिला आणि विणकाम, छपाई यांसारखे हाताचे उद्योग शिकवले. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांनीच छापले. ज्यांच्या नावावर काहीच नव्हते त्यांच्या हाताला कसब देण्याचा इतका मोठा प्रयोग या तालुक्यात होऊन गेला, आणि आज केडगाव म्हटले की लोकांना आठवतो तो पुढच्या चौफुल्यावरचा तमाशा. असो.

पेढीवरचे शेठ माझ्याहून वयाने मोठे, आडत आणि घाऊक व्यापार पाहिलेले. त्यांचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते कच्चे नाही. “साहेब, रंग आम्ही ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवते. लग्नाच्या किराण्यात तांबूस ढेप दिली तर घरची बाई परत पाठवते. शिवाय आता शहरात उलटी हवा आहे. काळा गूळ दिला की ‘ऑरगॅनिक’ म्हणून दुप्पट भाव. तो करपलेला असू शकतो, जुना असू शकतो. मग आम्ही कोणावर विश्वास ठेवायचा?”

त्यांच्या या शेवटच्या प्रश्नाने माझ्यापुरता गुंता सुटला. पिवळा असो वा काळा, रंग ही साक्षच होऊ शकत नाही. साक्ष होऊ शकतात त्या गोष्टी म्हणजे गुऱ्हाळाचे गाव, कढवल्याची तारीख, वापरलेले द्रव्य आणि कढवणारा माणूस. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दौंडच्या गुळाला ते नाही, आणि येथील माल कोणत्या नावाने विकला जातो हे बाजारात वावरणाऱ्यांना मी सांगायला नको. मानांकनासाठी उत्पादकांना एकत्र यावे लागते आणि त्याला काळ लागेल. पुडक्यावर चार ओळी छापायला तेवढा काळ लागत नाही. त्यासाठी एक पेढी पुरते.

येथे आपल्या शास्त्राचा उल्लेख विषयाला धरूनच होईल. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या वजनमापांच्या जोडीला ‘प्रतिरूपक व्यवहार’ मोजला आहे, म्हणजे अस्सलासारखा दिसणारा नकली माल अस्सल म्हणून देणे. हा दोष व्यापाऱ्याच्या दारातला आहे, काहिलीवरच्या मजुराच्या नव्हे. आणि उसाशी तर आपले नाते आणखी जवळचे. भगवान ऋषभदेवांचे वर्षभराच्या तपानंतरचे पारणे हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांनी इक्षुरसानेच करवले. अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी आजही त्याच रसाने होतात. त्या दिवशी रस शुद्ध, गाळलेला असावा म्हणून आपण किती काळजी घेतो! तीच काळजी उरलेल्या वर्षभर त्याच रसाच्या गुळासाठी मागायला हरकत नसावी. रसाच्या हौदावर जाळीचे झाकण आहे की माश्या-मुंग्या आत पडताहेत, एवढे जरी आडत्याने माल उचलण्यापूर्वी पाहिले, तरी पुढच्या खेपेला झाकण येते. चुलवाणात चिपाडाऐवजी प्लास्टिक-रबर जाळल्याच्या तक्रारी या तालुक्यातून वर्तमानपत्रांत येतात. तेही खरेदीदार विचारू लागला तरच थांबेल.

जपानमध्ये आजच्या शिगा प्रांतातील ओमी या भागाचे व्यापारी प्रसिद्ध होते. खांद्यावर कावड घेऊन परमुलखात जायचे आणि तेथेच पेढ्या मांडायच्या, हा त्यांचा क्रम. त्यांची हकिकत वाचताना मला वारंवार राजस्थानातून निघालेले आपलेच पूर्वज दिसत होते. त्यांच्या व्यवहाराचे सार विकणारा, घेणारा आणि समाज या तिघांचेही भले, अशा सूत्रात सांगतात. शब्दरचना अलीकडची असली तरी विचार त्यांच्या जुन्या मृत्युपत्रांतून आलेला आहे. परक्या मुलखात टिकायचे तर तिसऱ्याला वगळून भागत नाही, हे त्यांना उमगले होते. करड्याच्या घाटातून येताना मला हे सूत्र निव्वळ नीतिपाठ वाटले नाही.

शेठांचा नातू वाणिज्य शाखेचा पदवीधर. आजोबांच्या शेजारी बसून सगळे ऐकत होता. त्याने ड्रॉवरमधून एक पुठ्ठ्याचे खोके काढून दाखवले. दिवाळीपासून तो एकाच गुऱ्हाळातून, फक्त भेंडी आणि चुना वापरलेला, तांबूस गूळ किलोच्या खोक्यांत भरून पुण्यातील काही ओळखीच्या दुकानांना देत होता. खोक्यावर गावाचे नाव होते, तारीख होती. सल्फरची तपासणी प्रयोगशाळेतून करून घेतली होती. गुऱ्हाळमालकाला तो एक नंबरच्या भावावर किलोमागे थोडे वर देत होता. आकडा त्याने आजोबांसमोर सांगितला नाही. नफा अजून जेमतेम होता आणि दोन दुकानांनी रंग पाहून माल परत केला होता. आजोबा यावर काही बोलले नाहीत. खोके हातात घेऊन त्यांनी गूळ मोडून पाहिला, चवीला घेतला आणि पुन्हा थोडा घेतला.

खोक्यावर गुळव्याचे नाव का नाही, असे मी विचारले. जागा ठेवली आहे, त्यांना विचारायचे राहिले, असे तो म्हणाला. चार वाजता आम्ही दोघे पुन्हा गुऱ्हाळावर गेलो. शेवटचे आधण वाफ्यात ओतून झाले होते. गुळवे लाकडी फावड्याने निवता गूळ घोटत होते. नातवाने खोके पुढे करून नाव छापण्याचे विचारले. त्यांनी फावडे बाजूला ठेवले, हात पुसले आणि खोके उलटसुलट करून पाहिले.

“माझं एकट्याचं?” ते म्हणाले. मग चुलवाणाकडे बोट दाखवले. तेथे चुलव्या राखेत पाणी मारत होता. “त्याचंही टाका. जाळ त्याचा आहे.”

दोन नावांना जागा पुरत नव्हती. नातवाने खिशातून पेन काढून खोक्याच्या मागच्या बाजूवर दोन्ही नावे लिहून पाहिली, अक्षरे बारीक केली, आणि पुढची छपाई फेब्रुवारीत आहे, तेव्हा ही बाजू पुढे घेतो, असे सांगितले.